थंडींतील पिकअप आणि तिचा हीटर-रिले

कार्तिक सरला कीं करवीर, पन्हाळा, भुदरगड या भागांत पहाटेची थंडी पडूं लागते. आणि नेमक्या त्याच दिवसांत गूळ व भाजीपाला कोल्हापुरास शाहू मार्केट यार्डांत वेळेवर पोंचविण्याची घाई असते. सौदा कोणासाठीं थांबत नाहीं. अशा वेळीं दारांतील डिझेल पिकअप दहादां सेल्फ मारूनही उठत नाहीं, मागून पांढरा धूर तेवढा निघतो, आणि दुपारीं ऊन तापल्यावर तीच गाडी एका चावींत चालूं लागते, हा अनुभव पुष्कळ बागायतदारांस असेल. त्यावर नवी बॅटरी घेणारे, किंबहुना पंप खोलविणारे गृहस्थही आम्हीं पाहिले आहेत. त्यापूर्वीं एका लहानशा डबीची परीक्षा करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

विहिरीवरील ऑइल इंजिन ज्यांनीं हँडल मारून चालविलें, त्यांस डिझेलची रीत नवी नाहीं. यांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनापासून तत्त्व एकच : हवा दाबून तापवावी व तींत तेल फवारतांच तें पेटावें. परंतु गार लोखंड ही उष्णता शोषून घेतें. म्हणून पुष्कळ पिकअपांत प्रत्येक सिलिंडरास एक हीटर-प्लग असतो. त्याचें टोंक कांहीं सेकंदांत लाल होतें. चार प्लग मिळून चाळीस अँपियर किंवा अधिक वीज ओढतात. एवढा प्रवाह चावीच्या स्विचांतून नेल्यास तो जळेल. म्हणून मध्यें रिले. चावीकडून थोडी वीज आली कीं त्यांतील चुंबक जाड संपर्क जोडतो. मामलेदाराच्या एका सहीनें खजिन्याचें दार उघडावें, तसेंच हें.

डॅशबोर्डावरील दिवा लागला म्हणजे प्लग तापले, असें मात्र समजूं नये. कित्येक गाड्यांत तो दिवा निराळ्या तारेवर असतो व रिले मेला तरी नेमानें लागतो.

परीक्षा इंजिन गार असतांना करावी. चावी फिरवितांना रिलेंत ‘टक्’ असा आवाज येतो कीं नाहीं तें ऐकावें. आवाज आला तरी आंतील संपर्क जळालेले असूं शकतात. मग टेस्ट लॅम्प घ्यावा. बॅटरीकडील जाड तारेवर दिवा सदैव लागला पाहिजे. न लागल्यास फ्यूज पाहावा. चावी दिल्यावर बारीक तारेवर वीज येते, अर्थिंग शाबूत आहे, तरीही प्लगांकडील जाड तारेवर दिवा लागत नाहीं, तर रिले गेला. लागत असेल तर रिले निर्दोष. प्लग एकेक तपासावे.

बदलण्याचें काम घरचें आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, तारांस खुणा कराव्या, टोंकें घांसून स्वच्छ करावीं. दुकानांत जुना रिले बरोबर न्यावा व त्याच व्होल्टचा, त्याच अँपियरचा घ्यावा. हॉर्नचा स्वस्त रिले येथें वितळतो.

घाईंत दोन जाड टोंकें पान्यानें जोडणारे हुशार लोक आहेत. प्लग अधिक वेळ तापला तर त्याचें टोंक फुगून तुटतें व सिलिंडरांत पडतें. मग उद्यमनगरांतला निष्णात मेस्त्रीही पिस्टनाचा खर्च वांचवूं शकत नाहीं. ईथरचा फवारा तर अशा इंजिनांत कदापि मारूं नये. लाल टोंकावर तो अवेळीं भडकतो. अलीकडील कित्येक गाड्यांत रिलेऐवजीं इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो व कांहींचे प्लग बारा व्होल्टांहून कमी दाबाचे असतात. त्यांस बॅटरीची तार थेट लावूं नये, वर्कशॉपांतच न्यावें.

नवा रिले बसविल्यावर चावी काढून टेस्ट लॅम्प प्लगांच्या तारेवर पुन्हां एकदां लावावा. दिवा विझलेला असला पाहिजे; नाहींतर सकाळपर्यंत बॅटरी उतरते.