घरच्या संगणकातील व्हायरस : आधी हिशेब वाचवा, मग यंत्र

दुकान बंद करून घरी आल्यावर दिवसभराची बिले संगणकावर चढवणे आता लहान दुकानदार आणि कारागीर बंधूंच्याही अंगवळणी पडले आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर ही सवय गरजेची झाली. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर अशा गावांतही लाल कापडी वहीच्या जोडीला किंवा तिच्या जागी संगणक आला. उधारीची यादी, मालाचा साठा, बँकेचा पासवर्ड, सारे एकाच यंत्रात. त्याच यंत्रावर मुले खेळ उतरवतात, कोणी फुकटचा सिनेमा पाहतो, तर कोणी झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह लावतो. व्हायरस शिरतो तो बहुधा याच वाटांनी.

यंत्र अचानक मंद होणे, न मागता जाहिराती उघडणे, पेन ड्राइव्हमधील फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसणे, अँटीव्हायरस आपोआप बंद पडणे ही त्याची नेहमीची लक्षणे. मात्र मंद झालेल्या प्रत्येक यंत्रात व्हायरस असतोच असे नाही. हार्ड डिस्क भरली किंवा जुनी झाली तरी असेच होते.

व्हायरस काढण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात एका दुरुस्तीच्या दुकानातूनच मोठे झाले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकलेले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसची तक्रार वारंवार येऊ लागली, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे अँटीव्हायरस बाजारात आले आणि २०१६ साली कंपनीचे शेअर शेअरबाजारात दाखल झाले. या कामाची रीत कोणत्याही कारागिराला समजेल अशी आहे. व्हायरस कोठे लपतो, यंत्र सुरू होताच पुन्हा कसा जागा होतो हे पाहायचे आणि मग एकेक दार बंद करायचे.

पहिले काम म्हणजे इंटरनेट तोडणे. वायर काढा किंवा वायफाय बंद करा. म्हणजे चोरलेली माहिती बाहेर जाणे थांबते. त्यानंतर बँक व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. त्याच संगणकावर बदलले तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाईल.

दुसरे काम हिशेब वाचवण्याचे. रिकाम्या पेन ड्राइव्हवर बिलांच्या फाइली, टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे एवढेच उतरवा. प्रोग्रॅम उतरवू नका. हा पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासल्याखेरीज उघडू नये. पूर्वीची चांगली नक्कल ज्या डिस्कवर आहे, ती डिस्क या आजारी यंत्राला अजिबात लावू नये.

आता प्रत्यक्ष सफाई. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ केल्यास निळा पडदा येतो. त्यात ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ व ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा ‘रीस्टार्ट’ दाबावे आणि मग ४ आकडा दाबून ‘सेफ मोड’ घ्यावा. या अवस्थेत विंडोज मोजकेच प्रोग्रॅम चालू करते, त्यामुळे बरेच व्हायरस जागेच होत नाहीत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. अनोळखी नावावर उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहा. फाइल ‘टेम्प’ किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरात असेल आणि कंपनीचे नाव नसेल तर संशय घ्यावा. पण ‘विंडोज’ फोल्डरातील ‘सिस्टिम ३२’ मधले काहीही नुसत्या अंदाजाने पुसू नये. तेथील एखादी महत्त्वाची फाइल चुकून गेली तर यंत्र सुरू न होण्याचा धोका असतो.

संशयित प्रोग्रॅमबाबत क्रम असा ठेवावा. ‘एन्ड टास्क’ने तो थांबवा. ‘स्टार्टअप’च्या यादीत ‘डिसेबल’ करा. ‘टास्क शेड्यूलर’मध्ये त्याची नोंद असेल तर काढा. शेवटी फाइल पुसा. नुसती फाइल पुसली आणि नोंद तशीच राहिली, तर काही व्हायरस पुन्हा उतरतात. त्यानंतर अलीकडे आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढा. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन आणि ‘नोटिफिकेशन’ची परवानगीही तपासा. जाहिरातींचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

शॉर्टकट व्हायरसमुळे पेन ड्राइव्हमधील माल गेलेला नसतो, तो फक्त लपवलेला असतो. शॉर्टकट उघडू नका. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या व संरक्षित फाइली दाखवण्याची सोय चालू करा. खरे फोल्डर दिसतील. आपली कागदपत्रे बाजूला काढून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

हाताने केलेल्या सफाईवर विसंबून राहू नये. ‘विंडोज सिक्युरिटी’तून ‘डिफेंडर’ची ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावी. ही तपासणी विंडोज सुरू होण्याआधीच होते. याशिवाय केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने मोफत मिळतात.

काही वेळा मात्र हाताची सफाई पुरत नाही. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा रॅन्समवेअर असेल, तर व्हायरस काढल्याने फाइली उघडत नाहीत. पैसे भरूनही त्या मिळतीलच याची हमी नाही. ‘नो मोअर रॅन्सम’ या २०१६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात काही प्रकारांच्या चाव्या मोफत मिळतात. तेथे आधी पाहावे. बँकेचा पासवर्ड चोरीला गेल्याची शंका असेल तर हिशेब वाचवून यंत्र फॉरमॅट करणेच शहाणपणाचे. खात्यातून रक्कम गेली असेल तर वेळ न दवडता बँकेला कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने सुमारे १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. अपडेट केलेली यंत्रे वाचली. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हेही जुन्या यंत्रावर हिशेब ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. चोरीची सॉफ्टवेअरे टाळावीत. त्यांचे ‘क्रॅक’ चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोरासाठी दार आपणच उघडून देतो.

यंत्र बिघडले तर नवे घेता येते. पण कोणाकडे किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे ही नोंद गेली, तर ती बाजारात विकत मिळत नाही. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याजवळची अमानत आहे. म्हणून दर आठवड्याला, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, हिशेबाची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी.