गाडी उठत का नाही?

'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरात बेल्ट ड्राइव्हचं डेरिव्हेशन मी दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा मार्कही बरे पडले. पण तोच बेल्ट आमच्या घरच्या स्कूटरमध्ये गेली पंधरा वर्षं फिरतोय, हे मात्र दिवाळीच्या सुट्टीत माजरीला गेलो तेव्हा डोक्यात शिरलं.

माजरी भद्रावती तालुक्यात येते. रेल्वेने नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्यांनी 'माजरी जंक्शन' ही पाटी पाहिली असेल. इथूनच एक फाटा वणीवरून आदिलाबादला जातो. आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी. त्यामुळे रस्त्यावर टिप्पर आणि हवेत काळी धूळ, या दोन गोष्टींना आमच्याकडे तोटा नाही. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. ती रोज आमच्या जुन्या गिअरलेस स्कूटरवर कामाला जाते. घरी पाय टाकल्या टाकल्या ती म्हणाली, "अरे, गाडी उठूनच नाही राहिली. मोठ्या रस्त्यावर चढतो म्हटलं तर मागून टिप्पर येते, अन् हे आपली जागच्या जागीच."

विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टिप्पर दिसतो लांब, पण येतो भरकन. तीन-चार सेकंद उशिरा उठणारी गाडी अशा वळणावर जिवाशी खेळ ठरते.

आईने गाडी आधी एका मिस्त्रीला दाखवली होती. तो म्हणाला, "इंजिनात दम नाही राहिला ताई, बोअर करावा लागते." खर्च साडेपाच हजार. आईच्या मानधनाच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही. गाडी विकून टाकावी असा विचारही घरात सुरू झाला होता. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

पहिल्या दिवशी मी एकही नट खोलला नाही. नुसती गाडी चालवली आणि आवाज ऐकला. तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, थांबलेल्या गाडीला पूर्ण रेस दिली की इंजिनाचा आवाज चढत नाही, जाड, दबलेला येतो आणि गाडी थरथरते. दोन, ताशी वीस-पंचवीसच्या पुढे गेली की ती जणू जागी होते आणि मग पन्नासपर्यंत विनातक्रार जाते. तीन, सकाळी थंड असताना काय किंवा दुपारी तापल्यावर काय, फरक नाही.

आता यावरून काय निघतं ते पाहा. इंजिन घासलं असतं तर ते चाळीसच्या वेगालाही थकलेलं वाटलं असतं, किक हलकी लागली असती, कदाचित निळा धूरही दिसला असता. यातलं काहीच नव्हतं. क्लच किंवा बेल्ट घसरत असता तर उलटं झालं असतं, म्हणजे इंजिन बोंबललं असतं आणि गाडी तिथेच राहिली असती. आमचं इंजिन तर दबत होतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवलं, पुढचंही उचलून पाहिलं. मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक धरत नव्हता. हवा बरोबर होती. एअर फिल्टर मात्र कोळशाने काळाकुट्ट! आमचा कागदी होता, तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. बदलला. प्लगवरची काजळी साफ केली. थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं तसंच.

मग उरलं काय? गिअर. "गिअरलेसला कुठले गिअर?" असं विचारू नका. गिअर असतात, फक्त पायाने टाकावे लागत नाहीत.

या गाड्यांत दोन पुली आणि मधे एक रुंद रबरी बेल्ट असतो. प्रत्येक पुलीच्या दोन बशा एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या. त्यातली एक सरकते. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले छोटे रोलर केंद्रोत्सारी बलाने बाहेर सरकतात आणि बशी दाबतात. बेल्ट पुढे वर चढतो, मागे तितकाच आत उतरतो. हा झाला वरचा गिअर. गाडी थांबली की मागच्या पुलीचा स्प्रिंग बशा मिटवतो, बेल्ट मागे कडेपर्यंत वर येतो. हा झाला पहिला गिअर. ही कल्पना मोटारीत आणली हॉलंडच्या डाफ कंपनीने, १९५८ साली. त्या मोटारी जितक्या वेगाने पुढे जात तितक्याच वेगाने मागेही जात, म्हणून तिकडे लोक त्यांच्या चक्क उलट्या शर्यती लावत! आपल्याकडे हे तंत्र घरोघरी नेलं कायनेटिक होंडाने, १९८४ पासून.

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचं कव्हर खोललं आणि उत्तर समोरच दिसलं. गाडी थांबलेली, तरी मागच्या पुलीवर बेल्ट कडेला यायच्या ऐवजी चांगला आत रुतलेला होता. म्हणजे आई रोज गाडी जणू तिसऱ्या गिअरवर उचलत होती! समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.५ आहे आणि पुली १.५ लाच अडकली. तर चाकाला मिळणारा टॉर्क ४० टक्क्यांनी घटतो. इंजिन बिचारं दबणार नाही तर काय करणार? वेग आल्यावर मात्र तोच गिअर योग्य ठरतो, म्हणून गाडी 'जागी' व्हायची.

क्लचचा मोठा नट काढताना मागचा स्प्रिंग अंगावर उडू शकतो, त्यामुळे ते काम मी भद्रावतीच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रीकाकांच्या हाताखाली उभं राहून करून घेतलं. तुम्हीही घरी एकट्याने करू नका. आत सरकत्या बशीच्या पिनांवरचं ग्रीस वाळून, धूळ मिसळून डांबरासारखं झालं होतं. ते साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस बेताने लावलं. रोलर एका बाजूने चपटे झाले होते, तेही बदलले, पण वजन तेच ठेवलं. जड रोलर टाकले तर गिअर लवकर बदलतो आणि पिकअप पुन्हा पडतो. बेल्टला ग्रीसचा हात लागू दिला नाही. काकांनी एक गोष्ट सांगितली, ती पुस्तकात सापडली नव्हती: "बेल्ट मागच्या पुलीत आत दाबून धर, मगच समोरचा नट कस. नाही तं बेल्ट समोरच्या बशांत चेपते, नट कसल्यासारखा वाटते अन् रस्त्यात ढिला होते." आणखी एक, क्लचची भुकटी फुंकर मारून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, ती छातीत जायला नको.

एकूण खर्च सातशेच्या आत.

पहिला मिस्त्री लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला आम्ही एवढंच सांगितलं होतं की "पिकअप नाही". एवढ्यावरून डॉक्टरही चुकेल. म्हणून गॅरेजला जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन जा. उठताना इंजिनाचा आवाज चढतो की दबतो? वेग आल्यावर गाडी बरी चालते का? चाक हाताने मोकळं फिरतं का? निम्मं निदान तिथेच होतं.

संध्याकाळी आई एक चक्कर मारून आली. गाडी स्टँडवर लावत म्हणाली, "उठते आता. पण ते धूळ साफ करायले तू दर सुट्टीत येशील ना?"

या सुट्टीत पुन्हा कव्हर खोललं. बेल्ट कडेलाच होता.