पेट्रोल एंजिन : इंधन-बचत व निष्कास-नियंत्रण

पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोलाची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात दाबून विजेच्या ठिणगीने पेटवितात. पेट्रोलाच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने त्याच्या सु. १४.७ पट हवा लागते. हवा यापेक्षा कमी असल्यास (समृद्ध मिश्रण) पेट्रोल अर्धवट जळते, इंधन वाया जाते आणि निष्कासात (एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंत) विषारी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने वाढतात. येथपर्यंत इंधनाची बचत व हवेची शुद्धता ही दोन्ही उद्दिष्टे एकाच उपायाने साधतात. हवा किंचित जास्त ठेवल्यास (विरल मिश्रण) इंधन आणखी वाचते; परंतु तप्त ज्योतीत उरलेल्या ऑक्सिजनाचा हवेतील नायट्रोजनाशी संयोग होऊन नायट्रोजनाची ऑक्साइडे वाढतात. हवा फारच वाढविल्यास ती घटतात, पण ज्योत मंदावते वा विझते आणि हायड्रोकार्बने पुन्हा वाढतात.

वर्ध्याचे उद्योजक जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांच्या घराण्याच्या बजाज ऑटो या कंपनीच्या वाहनांत या प्रश्नावरील उपायांचे टप्पे दिसतात. तिच्या जुन्या स्कूटरांत दोन-धावी एंजिन असे. त्यात जळालेल्या वायूंना ताजे मिश्रणच बाहेर ढकलते. त्यामुळे त्याचा काही भाग न जळताच निसटतो. शिवाय पेट्रोलात मिसळलेल्या वंगणतेलाचा धूर होतो. चार-धावी एंजिनात झडपांमुळे ही गळती पुष्कळशी टळते. २००३ मध्ये कंपनीने पल्सर मोटारसायकलीच्या सिलिंडरास दोन ठिणगी-गुडद्या (स्पार्क प्लग) बसविल्या. ज्योत दोन ठिकाणांहून पसरत असल्याने विरल मिश्रणही जलद जळते.

उरलेल्या प्रदूषकांसाठी निष्कास-नळीत त्रिमार्गी उत्प्रेरक बसवितात. तो कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण करतो. मात्र ही तिन्ही कार्ये १४.७ या प्रमाणाच्या अगदी जवळच एकदम होतात. म्हणून विरल मिश्रणाने होणारी थोडी बचत सोडून द्यावी लागते. हे प्रमाण राखण्यासाठी निष्कासातील ऑक्सिजन मोजून इलेक्ट्रॉनीय यंत्रणेने पेट्रोल फवारतात. शिशाने उत्प्रेरक निकामी होतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० मध्ये थांबली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ मानकांबरोबर पेट्रोलातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली.

वाहनधारकाच्या हातीही काही उपाय आहेत. तुंबलेला हवा-गाळक, झिजलेली गुडदी व चाकांतील कमी हवा यांमुळे पेट्रोल जास्त लागते. त्यांची वेळच्या वेळी देखभाल केल्यास खर्च व धूर दोन्ही कमी होतात.