वहीवरचे कातडे

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर 1987 सालापासून एक कातडी कव्हर आहे. त्यात दोनशे पानी वही बसते. वही भरली की काढायची आणि नवी सरकवायची, कव्हर तेच. माझ्या सगळ्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे याच कव्हराच्या आत झाले. नवे होते तेव्हा त्याचा रंग दुधाळ चहासारखा होता. आता ते जुन्या चिंचेसारखे काळपट झाले आहे, आणि जिथे माझा डावा अंगठा टेकतो तिथे त्याला एक चकाकी आली आहे.

गेल्या दिवाळीत भाची आली होती. तिने ते कव्हर उचलले, नाकाशी नेले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "मामा, हे कुठून घेतलंस? पुण्याच्या प्रदर्शनात असंच पाहिलं मी. अडीच हजार म्हणत होते."

मी म्हणालो, "चाळीस रुपयांना घेतलं."

"काय स्वस्ताई होती रे तेव्हा!"

स्वस्ताई नव्हती. मी हिशेब चुकीचा केला होता. आयुष्यभर हिशेबाच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला हे कबूल करायला जड जाते, म्हणून आज सगळेच लिहून टाकतो.

त्या काळात मी एका बँकेत अधिकारी होतो आणि माझी नेमणूक कोल्हापूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी होती. शाखेत कातड्याला तोटा नव्हता. आमची लेजरे म्हणजे दोन हातांनी उचलायची धुडे. त्यांच्या कण्याला आणि चारही कोपऱ्यांना कातडे असे, मधल्या पुठ्ठ्यावर कापड. पुस्तक जिथे झिजते तिथेच कातडे लावायचे, असा तो काटकसरी हिशेब. दिवसातून पन्नास वेळा उघडमीट होऊनही त्या लेजरांचा कणा वर्षानुवर्षे सुटत नसे. पुढे नव्वदीच्या दशकात संगणक आले आणि लेजरे रेकॉर्ड रूममध्ये गेली. आतले कागद पिवळे पडले, पण कणे शाबूत होते.

1972 साली सरकारने अगदी गरीब माणसासाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना आणली होती. बँकेत तिला 'डी.आर.आय.' म्हणत. बँकांनी आदल्या वर्षाच्या एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम या योजनेत द्यावी आणि त्यातली चाळीस टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मिळावी, असा दंडक होता. या कर्जासाठी 1985 साली एक चर्मकार माझ्याकडे आले. वय पन्नाशीचे. सगळे गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. कोल्हापुरी चपला करायचे. त्यांना अडीच हजार रुपये हवे होते. दिवाळीच्या आधी रोखीने कातडे घ्यायचे होते. उधारीवर घेतले, तर उधार देणाराच पुढे चपलांचा भाव ठरवी.

मी त्यांचे घर-दुकान बघायला गेलो. अर्जावर रकाने होते: हत्यारे, कच्चा माल, तयार माल, येणे, देणे. मी लिहीत गेलो. रापी दोन, आरी तीन, ठोकायचा दगड एक, लाकडी ठोकळा एक. सगळ्या हत्यारांची किंमत मिळून शंभराच्या आत भरली. समोर बसलेल्या माणसाच्या हातात पस्तीस वर्षांचे काम होते, पण त्याला अर्जात रकाना नव्हता. मलाही तो असावा असे वाटले नाही.

या योजनेत जामीनदाराची अट नव्हती. ती मी घातली. शंभराच्या हत्यारांवर अडीच हजार कसे द्यायचे, हा माझा सावधपणा. मामांना जामीनदार मिळायला पाच आठवडे गेले. कर्ज मंजूर झाले, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि कातडे उधारीवरच आले होते. मामांनी तक्रार केली नाही. दर महिन्याला हप्ता घेऊन येत, काउंटरवर पैसे मोजून ठेवत आणि "बघा साहेब, बरोबर हाय का," एवढेच म्हणत. एकही हप्ता चुकला नाही.

1987 मध्ये माझी बदली झाली. तेव्हा मी चोरून-मारून लिहायला लागलो होतो, आणि एसटीच्या प्रवासात वहीचे कोपरे दुमडून जात. हप्ता भरायला आलेल्या मामांना मी सहज विचारले, या वहीला एक कव्हर करून द्याल का? ते वही हातात घेऊन म्हणाले, "चपलाच करतो आमी. पर करू की."

दोन दिवस संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. कातडे म्हणजे काय, हे मला त्या दोन संध्याकाळी कळले.

कातडे कमावायच्या रीती दोन. एक क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकात निघाली. तिने काम दिवस-दोन दिवसांत होते, आणि आज जगातले बहुतेक कातडे तसेच कमावलेले असते. ते मऊ असते, पाण्याला टिकते, आणि त्यात वाईट काही नाही. दुसरी रीत झाडाच्या सालीची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवायचे, टांगायचे आणि त्यात साल-हिरड्याचे पाणी ओतायचे. ते पाणी कातड्यातून झिरपून खाली ठिबकते. ते गोळा करून पुन्हा वरून ओतायचे. मग पिशवी उलटी टांगायची आणि तेच पुन्हा. यात आठवड्यांमागून आठवडे जातात. हे काम ढोर समाजाच्या लोकांचे, शिवण्याचे काम चर्मकारांचे. ज्या वासामुळे लोक त्या वस्तीवरून नाकाला रुमाल लावून जात, तो वास त्या कामाचा होता. साल-हिरड्याने कमावलेले कातडे हाताचे तेल पिते, उन्हाने गडद होते आणि वापराच्या खुणा जपते. माझ्या अंगठ्याची चकाकी त्यामुळे आहे.

मामांनी तुकडा निवडला तो पाठीचा. "पोटाचं कातडं ताणतं साहेब, म्हैन्यात वही ढिल्ली हुईल." माप घेताना त्यांनी वही मिटली आणि तिच्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला. वही उघडी ठेवून माप घेतले, तर कव्हर शिवल्यावर नीट मिटत नाही. मग रापीने कापणे, आणि जिथे कातडे दुमडायचे तिथे आतून तासून पातळ करणे. दोन्ही बाजूंना खिसे, त्यात वहीचे पुठ्ठे सरकवायचे. मग आरीने भोके, एकसारख्या अंतरावर, नजरेच्या मापाने. चपलेला ते कातड्याची वादी वापरत, पण कव्हराला त्यांनी मेण लावलेला दोरा घेतला. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जायच्या. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सुटू लागतात. या शिलाईत एक टाका झिजून तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. शेवटी कडा ओल्या करून लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने घासल्या. त्या काचेसारख्या झाल्या.

मी किंमत विचारली. "द्या की काय ते." मी चाळीस रुपये दिले आणि जरा जास्तच दिले, असे मनात म्हणत निघालो. कातड्याचे पंधरा, दोऱ्याचे दोन, बाकी त्यांना. त्या वेळी माझा एका दिवसाचा पगार चाळिसाच्या दुपटीहून अधिक होता, आणि मामांचे दोन दिवस गेले होते. हे दोन आकडे मी तेव्हा शेजारी-शेजारी मांडलेच नाहीत.

कव्हर घेऊन घरी गेलो तर आई म्हणाली, "छान आहे. पण देवघरातल्या पोथ्यांजवळ ठेवू नकोस हो." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तिला तसेच शिकवलेले होते. आपल्याकडे पोथी कापडात बांधायची, दोन बाजूंना लाकडी फळ्या. पेशवे दफ्तराचे कागदही 'रुमालां'त बांधून ठेवलेले आहेत. पुस्तकाच्या बांधणीला आपण जो 'जिल्द' शब्द वापरतो तो अरबी आहे, आणि अरबीत त्याचा अर्थच मुळी कातडे. म्हणजे शब्द आपण घेतला आणि वस्तू उंबऱ्याबाहेर ठेवली. त्याच घरात गुरुवारी भजन व्हायचे आणि पखवाजावर थाप पडायची. पखवाजाची पुडी कशाची असते, हे कोणी विचारत नसे. आणि ज्यांच्या हातचे कातडे पखवाजावर चढायचे, त्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षर शिकायची मुभा नव्हती. मी मात्र त्यांच्याच हातचे कव्हर उघडून कादंबऱ्या लिहीत होतो.

आज हाताने केलेल्या कातड्याच्या वस्तूंना पुन्हा बरे दिवस आले आहेत. मुले-मुली हौसेने अशी कव्हरे घेतात, आणि मला त्याचा आनंद होतो. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. कड बघा: कापलेल्या कडेत कातड्याचा तंतू दिसला पाहिजे, प्लास्टिकचा थर आणि खाली कापड दिसले तर ते रेक्झिन, चार-पाच पावसाळ्यांत त्याची सालपटे निघतील. कातड्याचा भुगा डिंकाने थापून केलेले पत्रेही 'लेदर' म्हणून विकतात, त्यांच्या कडेला तंतू नसतो. कोपऱ्यातल्या कडेला पाण्याचा एक थेंब लावा. साल-हिरड्याचे कातडे बहुधा तो पिऊन तेवढ्यापुरते गडद होते. पावसाळ्यात कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी येते. आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नाही. वर्षातून एकदा तेलाचे बोट पुरे.

पाचवी गोष्ट कड बघून कळत नाही: या किमतीतले शिवणाऱ्याला किती मिळाले? कोल्हापुरी चपलेला 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ते चपलेला आहे. त्याच हातांनी केलेल्या वहीच्या कव्हराला नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने ते ऋण मान्य केले. आपण सगळे रागावलो, आणि रागावायलाच हवे होते. पण मला तेव्हा माझे चाळीस रुपये आठवत होते. मिलानच्या लोकांनी नाव घेतले नव्हते. मी नाव घेत होतो, कौतुक करत होतो, ओट्यावर बसून चहा पीत होतो, आणि पैसे कमी देत होतो.

त्या उन्हाळ्यात कव्हराच्या कोपऱ्यावरचे चार-पाच टाके झिजून तुटले. पाऊस ओसरल्यावर मी मुद्दाम त्या गावी गेलो. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी करून आता निवृत्तीला आलेला. त्याने कव्हर ओळखले नाही, पण टाके ओळखले. मी म्हणालो, तुम्ही हे काम शिकला नाहीत, वाईट वाटतं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बाबांनी आमाला आरीला हात लावू दिला न्हाई. शाळंत जावा म्हनले. तुमाला वाईट वाटतंय, त्यास्नी बरं वाटलं असतं."

यावर मी काय बोलणार? कला मरते आहे म्हणून हळहळणे सोपे असते, कारण त्या कलेत कंबर वाकवून आपण बसलेलो नसतो. 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातडे मिळणे आणखी अवघड झाले, हे खरे. पण मुले ओट्यावरून उठली ती त्याच्या कितीतरी आधी. चांगल्या हाताला चांगला दाम आणि बरोबरीची वागणूक मिळाली असती, तर काही जण उठले नसते, काही जण पुन्हा बसले असते. आजही बसतील.

परतताना कोल्हापुरात एका कारागिराकडे कव्हर दिले. त्याने तिथल्या तिथे सहा टाके घातले आणि दीडशे रुपये सांगितले. "सहा टाक्यांचे दीडशे?" हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते गिळले आणि पैसे दिले.

मी घरखर्चाच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. त्या रात्री 1987 ची काढून पाहिली. नोंद सापडली: वहीचे कव्हर, रु. 40. खाते: किरकोळ. मग या वर्षीच्या वहीत लिहिले: कव्हर दुरुस्ती, रु. 150. खात्यापाशी पेन थोडे थांबले. 'किरकोळ' लिहायची चाळीस वर्षांची सवय. मी लिहिले: मजुरी.