‘फक्त लिहायचं राहिलंय’

पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही ‘कुठवर आलं?’ असं विचारा. बरेचदा उत्तर मिळतं, ‘काम झालंय हो, फक्त लिहायचं राहिलंय.’ या ‘फक्त’मध्ये किती वर्षं जातात, ते त्याच्या घरच्यांना विचारावं! २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात. माझ्या पाहण्यात जे विद्यार्थी अडकले, त्यातले बरेच प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात अडकले नव्हते. ते कोऱ्या कागदापाशी अडकले होते.

याचं कारण सरळ आहे. एम.ए., एम.एस्सी.पर्यंत आपण मुलांकडून तीन तासांत उत्तरं लिहून घेतो. मग एकदम दोन-अडीचशे पानांत स्वतःचं म्हणणं मांडायला सांगतो. त्यातून एखादा मराठी माध्यमातून आलेला, घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच असेल, तर मोठ्या अभ्यासकाशी मतभेद कसा नोंदवायचा, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगण्याचं काम गाइडचं.

मग गाइडनं काय करावं? पहिल्याच महिन्यापासून दोन-दोन पानं लिहून मागावीत : काय वाचलं, काय पटलं, कुठे शंका आली. इंग्रजीत अडत असेल, तर मुद्दा आधी मराठीत मांडू द्यावा. विचार स्पष्ट झाला, की भाषा सुधारता येते.

प्रकरण हाती आलं, की लगेच लाल पेन उचलू नये. आधी विचारावं, ‘यात तुला काय म्हणायचंय, एका वाक्यात सांग.’ सांगता आलं नाही, तर स्वल्पविराम दुरुस्त करून काय उपयोग? दोन-तीन मोठे मुद्दे लिहून द्यावेत. भाषेच्या चुका एकाच पानावर दाखवाव्यात, बाकीची पानं त्यानं स्वतः तपासावीत. आणि प्रकरण कधी परत देणार, ती तारीख सांगून पाळावी. आपल्या कपाटात पडून राहिलेले महिने विद्यार्थ्याच्या मुदतीतून वजा होत असतात.

वाङ्मयचौर्याचंही तसंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साठ टक्क्यांच्या वर गेलं, तर नोंदणीच रद्द होऊ शकते. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आकड्याकडे. विद्यार्थी चार शब्द बदलतो, टक्केवारी उतरते, पण मूळ मजकूर समजलेला नसतोच. त्याला एवढंच शिकवावं : पुस्तक मिटून ठेव, वाचलेलं मला तोंडी सांग, मग लिही, मग पुस्तक उघडून ताडून पाहा आणि लेखकाचं नाव दे. शब्द बदलले तरी कल्पना दुसऱ्याची असते, हे त्यातून आपोआप कळतं.

प्राध्यापक म्हणतील, वेळ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. शिवाय तास, परीक्षा, समित्या. पण पहिल्या वर्षी दोन पानांवर दिलेला अर्धा तास शेवटच्या वर्षी अडीचशे पानांवरचे कित्येक दिवस वाचवतो. विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागतेच. त्या दिवशी ‘काम कुठवर आलं?’ याच्या जोडीला ‘काय लिहिलंस, दाखव’ असंही विचारलं, तरी पुष्कळ होईल.