मागांच्या खडखडाटातील संवाद

भिवंडीतील यंत्रमागाच्या कारखान्यात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जाताना होणारा आघात ओळीने लावलेल्या सगळ्याच मागांवर अखंड चालू असल्यामुळे आवाजाची पातळी सहसा ९० डेसिबलच्या वर जाते, आणि शेजारच्या माणसाशीही शब्दांनी बोलणे कठीण होते. अशा वेळी तुटलेला धागा, संपत आलेली कांडी किंवा थांबवायचा माग यांविषयीचा निरोप हाताच्या खुणेने, मानेच्या हालचालीने आणि समोरचा पाठमोरा असल्यास खांद्यावर ठेवलेल्या हाताने पोहोचतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगारांमधील भाषांचे अंतरही त्यामुळे कमी होते. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांत याच कारणाने ओठांच्या ठळक हालचालींची आणि खुणांची एक स्वतंत्र बोलीच घडली होती.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल यांनी १९५२ मध्ये अशा हालचालींच्या अभ्यासाला ‘कायनेसिक्स’, म्हणजे देहचलनांचे शास्त्र, हे नाव दिले. स्पर्शाचा अभ्यास मात्र उशिरा बहरला. हातावरील केसाळ त्वचेत ‘सी-टॅक्टाइल’ नावाचे मज्जातंतू असतात व सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणजे केवळ वस्तू ओळखण्यासाठी नव्हे, तर माया जाणवण्यासाठीही शरीरात वेगळी वाट आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पडद्याआडच्या अनोळखी व्यक्तीने हाताला केलेल्या स्पर्शावरून राग, भीती, कृतज्ञता, सहानुभूती यांसारख्या भावना निव्वळ अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वेळा अचूक ओळखल्या गेल्या. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणाऱ्या दलालांना स्पर्शही बोलतो हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, हेही खरे.

हालचाल आणि स्पर्श यांच्या या संवादात मोबाईलने एकांगी भर घातली आहे. पाळी सुटल्यावर गावाकडच्या मुलाचा चेहरा, त्याचे हातवारे पडद्यावर पाहणाऱ्या कामगाराला हालचाल परत मिळाली, स्पर्श मिळाला नाही. आणि तो कोणत्याही वेगवान जोडणीने मिळणार नाही.

मात्र कारखान्यातील खुणांचे कौतुक करताना त्यांचे मूळ विसरता कामा नये. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांकरिता ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते, तर यंत्रमागावरील पाळी बहुधा बारा तासांची असते, आणि अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानांचे संरक्षक आणि नियमित श्रवणतपासणी कामगारांना मिळालीच पाहिजे. खुणांचा संवाद त्याने थांबणार नाही.