ट्रेकची टोपी: उन्हालाही, पावसालाही

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर माझी पहिली चांगली टोपी गेली. तिथला दरीतून वर येणारा वारा हलक्या वस्तू परत आणून टाकतो म्हणे. माझी काही आली नाही! तेव्हापासून हनुवटीखाली दोरी नसलेली टोपी मी हातातही घेत नाही.

क्रिकेटची कॅप घरीच ठेवा. कान आणि मान उघडी राहते, आणि भाजतं नेमकं तिथेच. चहूबाजूंनी किमान 7 सेंमी काठ हवा. काठाची आतली बाजू गडद असेल तर कातळावरून उसळणारं ऊन डोळ्यांना कमी खुपतं.

कापडाचं म्हणाल, तर सुती टोपी एप्रिलमध्ये गोड वाटते. जुलैमध्ये तीच पाणी पिऊन जड होते, काठ नाकावर लोंबतो आणि दुसऱ्या दिवशीही ओलीच. नायलॉन लवकर वाळतं. लेबलवर यूपीएफ 50 असेल तर अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो. पूर्ण वॉटरप्रूफच्या मोहात मात्र पडू नका; सह्याद्रीच्या दमट चढणीवर आतून घामानेच भिजाल. बाजूला जाळी असलेली बरी. मुसळधार पावसात तीच टोपी पोंचोच्या टोपडीखाली घाला, चष्म्यावर धारा येत नाहीत. (भातलावणीतल्या इरल्याची सर तिला नाही, हे मान्य.)

दुकानात काठ मुठीत चुरगळून सोडा. सरळ झाला नाही, तर ठेवून द्या. काठावरच्या शिवणीच्या ओळी जितक्या दाट, तितका तो ताठ राहतो.

तुमची टोपी किती पावसाळे टिकली? नक्की सांगा.